मानक खुलं आहे, मग पैसे कशाचे? यूएसबी आणि ब्लूटूथ सर्टिफिकेशनबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकला अंबड एमआयडीसीत तुमचं छोटं युनिट आहे आणि द्राक्षांच्या शीतगृहांसाठी तुम्ही तापमान नोंदवणारा लॉगर बनवताय. चार्जिंगला आणि डेटा उतरवायला यूएसबी-सी पोर्ट, मोबाइलशी जोडायला तयार ब्लूटूथ मॉड्यूल. मॉड्यूल विकणारा सांगतो, ‘सर्टिफाइड आहे, तुम्हाला काही करायला नको.’ सल्लागार सांगतो, ब्लूटूथवाल्यांना काही हजार डॉलर मोजावे लागतील आणि यूएसबीच्या व्हेंडर आयडीचे, म्हणजे यंत्र कुठल्या कंपनीचं ते सांगणाऱ्या आकड्याचे, वेगळे. यावर तुम्ही वैतागून विचारलंय, की ही ओपन स्टँडर्ड ना? मग पैसे कशाचे, हे सगळं ठरवणारे लोक कोण, आणि न भरता माल विकला तर काय बिघडतं?

सल्लागाराचं बरंचसं बरोबर आहे. पण त्याने एका दमात जे सांगितलं त्यात चार वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्यात. त्या सुट्या केल्या तरच कुठे पैसे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत ते कळेल. एक, मानकाचा दस्तऐवज वाचायला मिळणं. दोन, त्यातल्या पेटंटांचा परवाना. तीन, नाव आणि लोगो वापरायची मुभा. चार, सरकारी मंजुरी. यातली चौथी ही मानकं ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघांच्या हातात नाहीच. ‘खुलं’ म्हणतात ते बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीला, कधीकधी दुसरीला, आणि तिसरीला जवळजवळ कधीच नाही.

खुलेपणाच्याही पायऱ्या आहेत. यूएसबी आणि ब्लूटूथची स्पेसिफिकेशन्स कोणीही फुकट उतरवून वाचू शकतो. पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे संगणकाच्या आतल्या कार्डांच्या जोडणीची, मात्र ती ठरवणाऱ्या पीसीआय-सिग या संघाच्या सदस्यांना मिळतात, बाहेरच्याने विकत घ्यायची. एचडीएमआय त्याहून बंद: २०२४ मध्ये एएमडीने एचडीएमआय २.१ साठी ओपन सोर्स ड्रायव्हर तयार केला आणि एचडीएमआय फोरमने तो प्रसिद्ध करायला नकार दिला. दुसऱ्या टोकाला रिस्क-फाइव्ह, प्रोसेसरला कुठल्या सूचना कळाव्यात याचं मानक. ते स्पेक घेऊन कोणीही कोणालाही न विचारता प्रोसेसर बनवू शकतो. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे त्यावरच उभे आहेत. तरीही ‘रिस्क-फाइव्ह’ हे नाव ट्रेडमार्क आहे आणि ते कसं वापरायचं याचे नियम आहेत. म्हणजे सगळ्यांत खुल्या मानकातही नावाला कुंपण आहेच.

आता हे लोक कोण? सरकार नाही, विद्यापीठही नाही. एकमेकांच्या गळ्याला नख लावणाऱ्या कंपन्याच एका टेबलाभोवती बसतात. १९९५ च्या आसपासचा पीसी आठवा: मागे सिरियल, पॅरलल, कीबोर्डचा, माउसचा, जॉयस्टिकचा असे वेगवेगळे पोर्ट, आणि काही जोडलं की रीस्टार्ट. यात कुणा एकट्याचा फायदा नव्हता. मग इंटेल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, आयबीएम, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल एकत्र आले आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० आलं. इंटेलमध्ये त्याच्या पाठीमागे लागलेल्यांपैकी अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. ब्लूटूथ ठरवणारा कंपन्यांचा गट, ब्लूटूथ एसआयजी, १९९८ चा. त्यात एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा होते. सगळीकडे गणित तेच: बाजारच मोठा होणार असेल तर प्लगवरून भांडण्यात अर्थ नाही, प्लगच्या मागे काय आहे त्यावर भांडू.

काम चालतं ते असं. मूठभर कंपन्यांचा आतला गट मसुदा लिहितो. यूएसबीमध्ये तर हा गट वेगळाच आहे: यूएसबी प्रमोटर ग्रुप, म्हणजे ॲपल, एचपी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांच्यासारख्या मोजक्या कंपन्या. यूएसबी-आयएफ ही संस्था त्यानंतरचं बघते: कम्प्लायन्स (माल स्पेकप्रमाणे आहे का याची तपासणी), लोगो, व्हेंडर आयडी. मसुद्यांना ०.५, ०.७, ०.९ असे आकडे असतात. ०.५ वर काय-काय असणार हे ठरलेलं असतं, ०.७ वर इंजिनिअरला डिझाइन सुरू करता येईल इतकं भरीव काम झालेलं असतं, आणि ०.९ वर कंपन्यांचे वकील कामाला लागतात. ब्लूटूथमध्ये स्पेक मंजूर होण्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांनी ते स्वतंत्रपणे राबवून, एकमेकांशी जोडून दाखवावं लागतं. ही अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. कागदावर स्पष्ट वाटणारं वाक्य दोन टीम दोन तऱ्हेने वाचतात, हे तिथे पहिल्या दिवशी कळतं.

वकील कशाला, तर पेटंटसाठी. मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या जेडेकमध्ये नव्वदच्या दशकात रॅम्बस ही कंपनी बैठकांना बसायची. १९९६ मध्ये ती बाहेर पडली आणि पुढे तिने एसडीरॅम, डीडीआर बनवणाऱ्यांवर पेटंटचे दावे लावले. अमेरिकेच्या एफटीसी या स्पर्धा-नियामकाने तिच्यावर कारवाई केली, २००८ मध्ये अपील कोर्टाने ती रद्द केली. कोण बरोबर होतं हा वाद बाजूला ठेवू. पण बैठकीत बसून, गप्प राहून, मग सगळ्यांनी चिप बनवल्यावर हिशोब मागता येतो, हे उद्योगाने पाहिलं. म्हणून आज कुठल्याही कन्सॉर्शियममध्ये, म्हणजे अशा कंपन्यांच्या संघात, शिरताना सही करावी लागते ती मुख्यतः याची: या मानकासाठी लागणारं आमचं पेटंट असेल तर आम्ही ते ठरलेल्या अटींवर देऊ. यूएसबीत स्पेक राबवणाऱ्यांना ते रॉयल्टीशिवाय मिळतं. सदस्य नसलेल्यालाही ॲडॉप्टर (म्हणजे मानक वापरणारा) करारावर सही करता येते. ब्लूटूथमध्ये तोच परवाना सदस्यत्वाशी आणि क्वालिफिकेशनशी, म्हणजे ब्लूटूथच्या सर्टिफिकेशनशी, बांधलेला आहे. हा फरक लक्षात ठेवा, तुमच्या खिशाशी त्याचाच संबंध आहे.

बैठकांबद्दल एक सांगतो, कारण त्यातून पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ कळेल. अशा वर्किंग ग्रुपच्या कॉल्सना मी बसलोय. कॅलिफोर्नियातली सकाळ म्हणजे आपली रात्रीची साडेनऊ-दहा. सुरुवातीला कोणीतरी स्पर्धा कायद्याचं निवेदन वाचतो: किमतीबद्दल बोलायचं नाही, ग्राहक वाटून घेण्याबद्दल बोलायचं नाही. मग तासभर एका बिटवर चर्चा. ‘अ’ कंपनीची चिप आधीच तयार आहे, तिला ते फीचर हवंय. ‘ब’ कंपनीला त्यासाठी नवं सिलिकॉन काढावं लागेल, तिला नकोय. मतदानाने एकाला हरवता येतं, पण हरलेला उद्या बाहेर पडून स्वतःचं वेगळं काहीतरी काढेल ही भीती असते. त्यामुळे तोडगा ठरलेला: फीचर ठेवा, पण ऐच्छिक करा.

बाजारात दिसणारी यूएसबी-सीची गंमत या ऐच्छिकपणातून आलीय. तोच प्लग, पण एखाद्या पोर्टवर फक्त चार्जिंग, दुसऱ्यावर ४० गिगाबिट आणि मॉनिटरसुद्धा. वर नावांचा गोंधळ. ‘यूएसबी ३.२ जेन २ बाय २’ हे नाव दुकानदाराला उच्चारून दाखवायला सांगा! शेवटी यूएसबी-आयएफनेच माघार घेतली आणि लोगोवर सरळ वेग आणि वॉट छापायला सुरुवात केली. आता सर्टिफाइड सी-टू-सी केबलवर ६० वॉट की २४० वॉट हे लिहिलेलं असतं.

ऐच्छिक गोष्टी इतक्या असल्या तर मग तपासायचं काय? नव्या माणसाचा गैरसमज होतो तो इथे. त्याला वाटतं, सर्टिफिकेशन म्हणजे लॅबवाले आपली वस्तू घेऊन ‘चांगली आहे’ की ‘वाईट’ असा शेरा मारतात. तसं नसतं. तुम्ही आधी एक लांबलचक तक्ता भरता: आमच्या यंत्रात हे आहे, हे नाही, हे आहे. ब्लूटूथमध्ये त्याला आयसीएस म्हणतात. तुम्ही जिथे ‘आहे’ म्हणालात तिथल्या प्रत्येक ओळीमागून ठरावीक चाचण्या लागू होतात. म्हणजे परीक्षा तुमच्या दाव्यांची असते. मोह होतो की जरा जास्त खुणा कराव्यात, माहितीपत्रकात बरं दिसतं. करू नका. जे फीचर तुमचा ग्राहक वापरणार नाही, त्याच्या चाचणीत नापास होऊन परत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहिणं ही सगळ्यांत महागडी हौस आहे. मी कोणाचाही तक्ता तपासायला घेतला की आधी खुणा खोडायला लागतो.

तुमच्याच लॉगरचं उदाहरण घ्या. तापमान मोबाइलला पाठवायला दोन वाटा आहेत. ब्लूटूथची स्वतःची ‘एन्व्हायर्नमेंटल सेन्सिंग सर्व्हिस’ आहे. ती राबवलीत आणि तसा दावा केलात, तर तिच्या चाचण्या तुमच्या वाट्याला येतात. त्या बदल्यात दुसऱ्या कुणाचं ॲपही तुमचा लॉगर वाचू शकतं. किंवा स्वतःची खासगी सर्व्हिस लिहा: चाचण्या नाहीत, पण फक्त तुमचंच ॲप चालेल. तुमचा ग्राहक शीतगृहाचा मालक आहे आणि ॲप तुम्हीच देणार आहात, तर मी आज खासगी सर्व्हिस घेईन. उद्या एखादा निर्यातदार म्हणाला की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट आकडे हवेत, तेव्हा हे गणित बदलेल.

आता यूएसबी-सीकडे. इथे सर्टिफिकेशन ऐच्छिक आहे, म्हणून लोक स्पेकसुद्धा ऐच्छिक समजतात. या पोर्टमध्ये सीसी१ आणि सीसी२ असे दोन पिन असतात. तुमच्या लॉगरसारखं वीज घेणारं यंत्र या दोन्ही पिनवर ५.१ किलोओहमचा एक-एक रेझिस्टर ग्राउंडला लावतं. तेवढ्यावरून चार्जरला कळतं की पलीकडे कोणीतरी आहे, वीज सोडा. वीज देणारी बाजू आपल्या रेझिस्टरने सांगते किती अँपिअर मिळतील: ५ व्होल्टला जोडलेला ५६ किलोओहम म्हणजे यूएसबीची मूळ मर्यादा, २२ म्हणजे दीड अँपिअर, १० म्हणजे तीन.

जुन्या चौकोनी प्लगपासून सीपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये ५६चाच रेझिस्टर हवा, कारण पलीकडे कुठला जुनाट पोर्ट असेल ते केबलला माहीत नसतं. २०१५ मध्ये बाजारात ढिगाने अशा केबली आल्या ज्यांत १० किलोओहम होता. फोन बिचारा तीन अँपिअर मागायचा, लॅपटॉपचा पोर्ट तेवढे द्यायला बनलेलाच नसायचा. गूगलच्या बेन्सन लिउंग या इंजिनिअरने एकेक केबल विकत घेऊन तपासायला आणि जाहीरपणे लिहायला सुरुवात केली. एका केबलमध्ये तर वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या आणि त्यात त्याचा लॅपटॉप गेला. या केबलींना सर्टिफिकेशन नव्हतं, आणि विकायला कोणी अडवलंही नव्हतं.

चांगल्या टीमकडूनही निसटतं. जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ मध्ये दोन्ही सीसी पिन एकत्र जोडून दोघांत मिळून एकच रेझिस्टर लावलेला होता. साध्या केबलवर बोर्ड मस्त चालायचा. पण ज्या केबलीत स्वतःची ओळख सांगणारी चिप असते, म्हणजे महागड्या केबलीत, चार्जरला वाटायचं की समोर हेडफोनचा ॲडॉप्टर आहे, आणि तो वीजच द्यायचा नाही. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झालं. तुमच्या टेबलावर एकच केबल आणि एकच चार्जर असेल तर ही चूक तुम्हाला कधीच दिसणार नाही. ग्राहकाला पहिल्या दिवशी दिसेल. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बोर्डांत आजही मी पहिल्यांदा हे दोन रेझिस्टर शोधतो, आणि कोणाच्या तरी बोर्डवर ते एकच असतं.

म्हणूनच नुसत्या लॅबच्या चाचण्या पुरत नाहीत, एकमेकांशी जोडून बघावं लागतं. त्यासाठी प्लगफेस्ट भरतात. एखाद्या हॉटेलचे मजले घेतलेले असतात, खोलीखोलीत एकेका कंपनीचे इंजिनिअर आपापली यंत्रं मांडून बसलेले, आणि वेळापत्रकाप्रमाणे तुम्ही आपला बोर्ड घेऊन दारोदार फिरता. कोणाचं काय बिघडलं ते बाहेर बोलायचं नाही, हा नियम कडक असतो. त्यामुळेच लोक अर्धवट माल निर्धास्तपणे आणतात. पीसीआय-सिगच्या कार्यशाळेत नेमून दिलेल्या चाचण्या तर सगळ्या पास व्हाव्याच लागतात, शिवाय दुसऱ्यांच्या यंत्रांबरोबरच्या जोड्यांपैकी ८० टक्के जुळाव्या लागतात. शंभर का नाहीत? कारण न जुळण्यात चूक समोरच्याचीही असू शकते.

मानक एकाने लिहायचं आणि तपासायचं दुसऱ्याने, अशीही पद्धत आहे. वायफायमध्ये रेडिओचं मानक आयईईई ही इंजिनिअरांची संस्था लिहिते, ८०२.११ ते. सर्टिफिकेट देते वायफाय अलायन्स, १९९९ मध्ये निघालेली कंपन्यांची संघटना. या फारकतीचा उपयोग काय ते २००१ नंतर दिसलं. जुनी वेप सुरक्षा फोडता येते हे त्या वर्षी सिद्ध झालं. आयईईईचं बदली मानक, ८०२.११आय, अजून शिजत होतं. तोपर्यंत दुकानातल्या राउटरांचं काय? वायफाय अलायन्सने मसुद्यातला जो भाग जुन्या हार्डवेअरवर नुसत्या फर्मवेअरने चालेल तेवढा उचलला, त्याला डब्ल्यूपीए नाव दिलं आणि २००३ पासून त्याचं सर्टिफिकेशन सुरू केलं. मूळ मानक जून २००४ मध्ये मंजूर झालं, त्यावरून डब्ल्यूपीए२ आलं, आणि मार्च २००६ पासून त्याशिवाय वायफायचा सर्टिफाइड लोगो मिळेना. कुठल्याही सरकारने सक्ती केली नाही. पण लोगोशिवाय माल दुकानदार घेईनात, तेवढं पुरलं.

आणि सर्टिफिकेशन मुळीच नसेल तर? त्याचं उदाहरण तुमच्या-माझ्या कीबोर्डवर आहे. युनिकोडही कंपन्यांचंच कन्सॉर्शियम. कोणीही सामान्य माणूस त्यांच्याकडे प्रस्ताव पाठवू शकतो. आपला ‘ॲ’ २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला. पण युनिकोड कुठल्याही फॉन्टला वा फोनला सर्टिफिकेट देत नाही. ‘दऱ्या’ मधला र टाइप करायच्या दोन रीती आहेत: एकीत ऱ हे वेगळं अक्षर, दुसरीत साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ही दखल घेतली नसेल तर एका रीतीने लिहिलेलं दुसऱ्या रीतीने शोधलं की सापडत नाही. कोणाकडे तक्रार करणार? सगळ्यांनी आपापल्या मते युनिकोड पाळलेलंच असतं.

उलट बाजूही सांगायला हवी. सर्टिफिकेट नाही म्हणजे माल वाईट असं नव्हे. ‘युनिक्स’ हा ट्रेडमार्क द ओपन ग्रुपकडे आहे. त्यांच्या चाचण्या पार करून, शुल्क भरून मॅकओएस २००७ पासून अधिकृत युनिक्स आहे. लिनक्सची नेहमीची डिस्ट्रिब्युशन्स त्या वाटेला गेली नाहीत. जगभरचे सर्व्हर त्यांच्यावर चालायचे ते चालतातच. ज्याच्या ग्राहकाला त्या नावाची गरज नाही, त्याने नावासाठी पैसे का मोजावेत?

एवढं सगळं पाहिल्यावर तुमच्या लॉगरकडे वळू.

ब्लूटूथ. इथे पळवाट नाही. मॉड्यूल आधीच क्वालिफाय झालेलं असलं तरी ज्या कंपनीच्या नावाने वस्तू विकली जाते तिने एसआयजीची सदस्य होऊन आपल्या वस्तूची नोंद करावी लागते, आणि त्या नोंदीचं शुल्क आहे. ॲडॉप्टर दर्जाचं सदस्यत्व फुकट आहे. त्यावरच्या असोसिएट दर्जाला वर्षाला वर्गणी आहे पण नोंदीचं शुल्क साधारण निम्म्यावर येतं. वर्षाला एकच नवीन डिझाइन काढणार असाल तर ॲडॉप्टर पुरे. मॉड्यूल जसंच्या तसं वापरलंत तर रेडिओच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत, सगळ्यांत मोठी बचत ती. एकाच डिझाइनवरची तुमची दोन-तीन मॉडेल एकाच नोंदीखाली बसतात, त्यामुळे लॉगरची सगळी भावंडं ठरवूनच नोंद करा. शुल्काचे आकडे मुद्दाम देत नाही, ते वाढत असतात. १ जुलै २०२४ पासून सगळी प्रक्रियाही बदललीय, जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.

मॉड्यूलवाल्याला मात्र एक प्रश्न विचारा: तुमचा एसआयजीच्या यादीतला नंबर काय? यादी सार्वजनिक आहे, लगेच तपासता येते. विकणारे ‘सर्टिफाइड’ म्हणतात तेव्हा बरेचदा त्यांच्या मनात अमेरिकेचं एफसीसी आणि युरोपचं सीई असतं, म्हणजे रेडिओच्या सरकारी मंजुऱ्या. ब्लूटूथ क्वालिफिकेशन हे प्रकरण वेगळं. नंबर मिळाला तर त्यात फक्त रेडिओचा भाग आहे की त्यावरचं ब्लूटूथचं सॉफ्टवेअर, म्हणजे स्टॅक, हेही आहे ते बघा. स्टॅक तुम्ही चिप कंपनीकडून वेगळा घेऊन टाकत असाल तर त्याचाही नंबर हवा, आणि आवृत्ती तीच हवी.

न भरता विकलं तर? पोलीस येणार नाहीत. पण पेटंटचा परवाना आणि ब्लूटूथ हे नाव दोन्ही त्या नोंदीवर टांगलेलं आहे, त्यामुळे तुम्ही दोन्हींशिवाय विकताय. एसआयजी बाजारातला माल तपासते. त्याहून लवकर तपासते ती मोठ्या ग्राहकाची खरेदी शाखा. माझ्या ओळखीतल्या एका छोट्या कंपनीचा माल बरोबर चालत होता, निर्यातीची ऑर्डर तोंडावर आली आणि पलीकडून फक्त तो नंबर मागितला. घाईत नोंद करायला गेले तर वापरलेल्या स्टॅकची आवृत्ती यादीत नव्हती. ऑर्डर गेली.

यूएसबी. इथे मोकळीक आहे. सर्टिफाइड यूएसबीचे लोगो डब्यावर छापायचे नसतील तर सर्टिफिकेशनची सक्ती नाही. ‘यूएसबी-सी पोर्ट आहे’ एवढं साध्या अक्षरांत लिहा. व्हेंडर आयडीचा मुद्दा खरा आहे: तो १६ बिटांचा आकडा, म्हणजे जगात मिळून ६५,५३६, आणि तो यूएसबी-आयएफच देते. सदस्य न होता घ्यायचा तर एकरकमी ६,००० डॉलर. दुसऱ्या कंपनीचा आकडा उचलून वापरू नका. दोन यंत्रं एकच ओळख सांगायला लागली की विंडोज भलताच ड्रायव्हर लावतं. तुमच्या आकाराच्या युनिटसाठी सरळ मार्ग आहे: अनेक मायक्रोकंट्रोलर आणि यूएसबी-सिरियल चिपच्या कंपन्या त्यांच्या व्हेंडर आयडीखाली तुम्हाला स्वतंत्र प्रॉडक्ट आयडी देतात, फक्त त्यांची चिप वापरलेली असावी. अर्ज करा, लेखी परवानगी फायलीत ठेवा. आणि डेटा ब्लूटूथवरूनच उतरवायचं ठरलं, पोर्ट फक्त चार्जिंगला राहिला, तर आयडीचा प्रश्नच मिटतो. याचा विचार जरूर करा, शीतगृहात हातमोजे घालून केबल खुपसणार कोण?

सरकारी बाजू वेगळ्या फायलीत ठेवा. रेडिओ आहे म्हणून डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार विभागाची रेडिओ शाखा) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, लागेल, ते सरल संचार पोर्टलवर होतं. डब्यात चार्जिंगचा ॲडॉप्टर देणार असाल तर तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) सक्तीच्या नोंदणीत येतो, म्हणून नोंदणी असलेलाच विकत घ्या. कधीकधी कन्सॉर्शियमचं मानक कायद्याच्या दारातून परत येतं. यूएसबी-सीचं स्पेक आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने ६२६८०-१-३ म्हणून घेतलं, बीआयएसने त्याचं आयएस/आयईसी ६२६८०-१-३:२०२२ केलं, आणि युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल आणि इतर छोट्या उपकरणांच्या चार्जिंगला ते सक्तीचं केलं. बीआयएसने स्वीकारलं म्हणजे भारतात लगेच सक्ती झाली असं मात्र नाही.

शेवटचा प्रश्न, आपल्यासारख्याला आत शिरता येतं का. मतदानाच्या टेबलावर बसायला पैसे आणि त्याहून जास्त वेळ लागतो. तो तुमचा धंदा नव्हे. पण चुका कळवायला कोणी अडवत नाही. ब्लूटूथचा फुकट सदस्यही एरर कळवू शकतो, आणि त्यांचं पीटीएस हे चाचणीचं सॉफ्टवेअर सदस्यांना मिळतं. रिस्क-फाइव्हमध्ये व्यक्तिगत सदस्यत्व फुकट आहे आणि मसुदे मंजुरीआधी सगळ्यांसमोर ठेवले जातात.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो: मॉड्यूल आणि स्टॅकचे नंबर तपासल्याशिवाय बोर्ड छापायला द्यायचा नाही. पहिल्या बोर्डावर दोन्ही सीसी रेझिस्टर मोजायचे आणि मग निदान पाच-सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबली आणि चार्जर लावून बघायचे, त्यात एक तरी लॅपटॉपचा मोठा चार्जर आणि त्याची जाड केबल हवीच. फर्मवेअर गोठवल्यावर ब्लूटूथची नोंद, त्याआधी नाही, कारण डिझाइन बदललं की पुन्हा कागद. ईटीएचं काम समांतर सुरू करा. आणि स्किमॅटिकमधला, म्हणजे सर्किटच्या आकृतीतला, पोर्टचा तेवढाच भाग इथे टाकलात तर मी बघून सांगेन.